ड्रमासोबत आलेले इवाई

हिवरदऱ्याचे मारोतराव रेवतकर तलाठ्यापुढे कधी वाकले नाहीत, व्यापाऱ्यापुढे वाकले नाहीत, एकदा तर विहिरीवर आलेल्या अस्वलापुढेही वाकले नव्हते. अस्वलच थोडं ओशाळून निघून गेलं होतं. पण रुपराव बोढाळे समोर आले की मारोतरावांची कंबर आपोआप लवायची. कारण रुपराव त्यांचे इवाई.

पुस्तकात व्याही लिहितात. नरखेड तालुक्यात इवाई म्हणतात, आणि मुलीच्या बापाने म्हणताना मान जराशी खाली घालायची असते. मारोतरावांची एकुलती एक लेक हिमानी रुपरावांच्या विक्कीला दिलेली. गाव एकच, आणि दोघांच्या संत्र्याच्या बागाही लागून. मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. हा धुरा कोणाचा यावर दोन्ही घरांतले आजे-पणजे कोर्टकचेरी करून थकले होते. पोरापोरीचं जमलं तेव्हा सोयरिकीच्या बैठकीत ठरलं की धुरा आजपासून कोणाचाच नाही. त्यावर कोणी नांगर घालायचा नाही, विळा लावायचा नाही, काही शिंपडायचं नाही. तेव्हापासून धुऱ्यावर जांभेरी, बोरी आणि टणटणीचं असं रान माजलं की त्यात शिरलेली एक बकरी पुढच्या वर्षी दोन पिल्लं घेऊन बाहेर आली.

लग्न झालं आणि मारोतरावांचं वाकणं सुरू झालं. संक्रांतीला वाण, अधिक महिन्यात धोंडे, दिवाळीला कपडे. इवाई म्हणाले आज पाऊस येणार, तर आभाळाकडे न बघता ‘हाव जी’ म्हणायचं. एका गोष्टीत मात्र मारोतराव ताठ उभे राहायचे. ती गोष्ट म्हणजे त्यांचा दशपर्णी अर्क.

नागपूरच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी हा अर्क पाहिला आणि घरी येऊन निळा ड्रम मांडला. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, धोतरा, निरगुडी, एरंड, पपई, गुळवेल आणि टणटणी, असा दहा झाडांचा पाला. त्यात शेण, गोमूत्र, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लसूण. वरून पाणी. रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने ढवळायचं, महिनाभर सावलीत ठेवायचं, मग गाळून पाण्यात मिसळून फवारायचं. सगळेच असाच करतात. पण मारोतरावांच्या हाताला गुण होता. पहिल्या फवारणीला पानांवरची कोळशी गेली. दुसऱ्या फवारणीला मावा गेला. तिसऱ्या फवारणीला, भादव्यात, फळांतला रस ओढणारे पतंग बागेच्या तोंडाशी आले, थोडा वेळ थांबले, आपसात काहीतरी बोलले, आणि ओळ धरून धुऱ्यावरून पलीकडे निघून गेले. मारोतरावांनी मळ्यातल्या माचणावरून हे स्वतः पाहिलं. शेवटचे काही पतंग म्हातारे होते. त्यांना तरुण पतंगांनी मधे घेतलं होतं.

पलीकडे म्हणजे इवायांच्या बागेत.

दुसऱ्या दिवशी रुपराव आले. मारोतराव उठले, पाणी दिलं, चहा सांगितला.

“मारोतराव,” रुपराव बशीत फुंकर घालत म्हणाले, “काल तुमच्याकडचे पाहुणे आले होते आमच्याकडे.”

“कोण जी?”

“पतंग.”

“जेवून गेले का?”

“जेवले. गेले नाहीत. मुक्कामी आहेत.”

मारोतरावांच्या पोटात आनंद होत होता आणि तोंडावर दिसू द्यायचा नव्हता. हे दोन्ही एका वेळी करताना त्यांना ठसका लागला. मग त्यांनी अर्काची एक कॅन आणून इवायांपुढे ठेवली.

“घेऊन जा जी. घरचंच आहे.”

रुपरावांनी कॅन हाताने मागे सरकवली. “तुमच्याकडून आम्ही सगळं घेतो मारोतराव, नाही म्हणत नाही. पण औषधही घेतलं तर लोक म्हणतील, बोढाळ्यानं हुंड्यात फवारणी मागितली.”

आणि रुपरावांनी स्वतःचा ड्रम मांडला. त्यात काय टाकलं हे कोणाला सांगितलं नाही. महिन्याने त्यांनी फवारणी केली आणि पतंग ओळीने परत आले. मारोतरावांनी फवारलं, पतंग पलीकडे गेले. रुपरावांनी फवारलं, अलीकडे आले. दोन्ही बाजूंनी मानपान मात्र सोडला नाही. रुपराव फवारायच्या आधी विक्कीकडून निरोप पाठवायचे, “उद्या सकाळी तुमच्याकडे येतील, सांभाळून घ्या.” मारोतरावही तसाच निरोप द्यायचे. बिचाऱ्या किड्यांची दशा बदलीच्या मास्तरासारखी झाली. बिऱ्हाड सोडून होत नाही तोच नवी ऑर्डर. शेवटी त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. ते धुऱ्यावर राहायला गेले. तिथे कोणी काही शिंपडायचं नाही हे बैठकीत ठरलेलंच होतं. मावा जांभेरीवर बसला, पतंगांनी बोरी घेतली, आणि दोन्ही बागा संत्र्यांनी वाकल्या.

तिथेच सगळं सुखाने संपलं असतं. पण हिमानीला दिवस गेले होते आणि सातवा महिना लागला होता.

विदर्भात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यावर चर्चा नसते. प्रेमलताबाईंनी, म्हणजे मारोतरावांच्या बायकोने, डिंक आणून ठेवला, खारका फोडून ठेवल्या, मधल्या खोलीला चुना मारून घेतला, शेवग्याच्या शेंगा लागल्या तर कोणाला हात लावू दिला नाही. डोहाळजेवण सासरी झालं. हिरवी साडी, ओटी, फोटो सगळं झालं. पंगत उठल्यावर प्रेमलताबाई लेकीला म्हणाल्या, “चाल वं बाई, पिशवी भर. परवा न्यायले येतो.”

हिमानी म्हणाली, “मी नाही येत.”

“काहून वं?”

“मले इथचा वास लागते.”

आधी कोणालाच कळलं नाही. मग ताराबाईंनी, म्हणजे हिमानीच्या सासूने, डोळे खाली घालून सांगितलं. कोणाला चिंचेचे डोहाळे लागतात, कोणाला चुलीतल्या मातीचे. सूनबाईला अर्काच्या वासाचे लागलेत. सकाळी उठली की चहा नको, पोहे नको, आधी परसात ड्रमापाशी जाऊन उभी राहते. यांनी दांडा फिरवला की एक मोठा श्वास घेते, आणि मग दिवसभर उलटी नाही की मळमळ नाही.

मारोतरावांच्या जिवात जीव आला. “एवढंच ना? आपल्याकडेही आहे की पोरी. आपला तर जुना आहे.”

हिमानी मग सगळ्यांच्या देखत म्हणाली, “बाबा, तुमच्या अर्काचा वास शाळेतल्यासारखा आहे. मामाजीच्या अर्कानं कसं पोटात थंडक वाटते.”

मामाजी म्हणजे सासरे. रुपरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मारोतरावांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी आल्यावर प्रेमलताबाईंनी चूल पेटवली नाही. खाटेवर बसून म्हणाल्या, “माह्यं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. माह्या मायचं झालं. तिच्या मायचं झालं, तेव्हा तर वर्धेला पूर होता, तरी ती डोंग्यात बसून गेली. अन् माही लेक सासरी बाळंत होईन. काहून, तर बापाले पाला सडवता येत नाही.”

“सडवता येत नाही असं नाही वं. पतंग पळाले ना?”

“मले पतंग नाही पाहिजे. मले पोरगी पाहिजे. पोरगी येत पावेतो या घरात तुमाले शिदोरी मिळन, ताट नाही.”

मारोतरावांनी त्या दिवसापासून किड्यांचा विचार सोडला आणि वासाच्या मागे लागले. अकरावा पाला म्हणून त्यांनी कण्हेर घातली. बारावा म्हणून तुळस. मग सब्जा, मग गवती चहा, मग बाजारातून आणलेला कढीपत्ता. प्रत्येक नमुना पाण्याच्या बाटलीत भरून जावयाच्या हाती पाठवायचा. विक्की मोटारसायकलवर बाटली नेई आणि निकाल घेऊन येई.

“मामाजी, हिमानी म्हणते लसूण पुढे पळून राहिला.”

“बरं. अन् कालचा?”

“कालचा म्हणे सर्दीच्या औषधासारखा.”

“तुम्हाले स्वतःले कसा वाटला जवाई?”

विक्की भला पोरगा. तो म्हणाला, “मामाजी, मले मागच्या आठवड्यापासून कशाचाच वास येत नाही. चटणी खाल्ली का साखर खाल्ली, डोळ्यात पाणी आलं की समजते.”

एका नमुन्यात मारोतरावांनी संत्र्याची साल आणि बिब्ब्याचं पान एकत्र टाकलं. त्या दिवशी गावावरून जाणारे बगळे नदीपाशीच वळले आणि मोठा वळसा घालून गेले. पुढच्या नमुन्याला गोठ्यातल्या गाईने ड्रमाकडे पाहिलं, मारोतरावांकडे पाहिलं, आणि आपला माल असल्या कामाला वापरला जातो हे बघून तिने दोन दिवस गोमूत्र दिलं नाही. तिला समजावायला पशुवैद्य बोलवावा लागला. हिमानीचा निकाल आला, “आधीपेक्षा बरा. पण मामाजीसारखा नाही.”

इकडे आठवा लागत आला. आठव्यात लेक नेत नाहीत, म्हणजे नेली तर आत्ताच. मारोतरावांपुढे एकच रस्ता उरला. इवायांना विचारायचं, की तुम्ही त्यात काय टाकता. बाकी सगळीकडे वाकून झालं होतं. ही एकच जागा राहिली होती. मारोतराव एक आख्खी सकाळ खळ्यात फेऱ्या मारत राहिले. प्रेमलताबाईंनी शिदोरी आणून फाटकावर अडकवली आणि आत गेल्या. तेव्हा त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि निघाले.

रुपराव परसात ड्रम ढवळत होते. हिमानी बाजूला खुर्चीवर बसून डोळे मिटून श्वास घेत होती. देवळात बसल्यासारखी.

“इवाई,” मारोतराव म्हणाले, “तुम्ही यात काय टाकता जी?”

रुपरावांचा दांडा थांबला. या प्रश्नाची ते किती दिवस वाट बघत होते हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी दांडा ड्रमाच्या कडेला टेकवला, हात पुसले, मिशी पुसली.

“ते सांगायचं नसते मारोतराव. घरचा वास आहे तो.”

दारातून ताराबाई म्हणाल्या, “घरचा वास! चार महिन्यांआधी तर घरात फिनाईलचा वास होता. सांगून टाका ना जी. पोरगी माहेरी नाही गेली तर गाव काय म्हणन? सासरच्यायनं पाठवली नाही म्हणन. माह्या तोंडावर म्हणन.”

“तू मधात नको बोलू वं.”

“मी मधात नाही, मी दारात आहे.”

“बरं, कृती राहू द्या,” मारोतराव म्हणाले. “ड्रम द्या. बाळंतपण होतवरी. मंग जसाचा तसा परत आणून देतो.”

रुपरावांनी मान हलवली. “ड्रम द्यायले माही ना नाही. पण याले माह्या हाताची सवय आहे. हात बदलला की अर्क रुसते. मागे मी काटोलच्या लग्नाले गेलो, विक्कीनं एक दिवस ढवळलं, तर आठ दिवस याचा वास उतरलेला होता. विचारा पोरीले.”

हिमानीने डोळे न उघडता मान डोलावली.

“मंग कसं करायचं जी?”

आणि इथे मारोतरावांच्या तोंडून ते वाक्य गेलं. मुलीचा बाप इवायाला हे वाक्य दर भेटीला म्हणतो. ते म्हणायचंच असतं, आणि ऐकणाऱ्याने ‘हो हो, येऊ कधी’ म्हणून सोडून द्यायचं असतं. आजवर हिवरदऱ्यात ते कोणी खरं धरलं नव्हतं. मारोतराव म्हणाले, “या ना जी, आमच्याकडेच राहायले या. घर तुमचंच आहे.”

रुपराव म्हणाले, “बरं. येतो.”

 ताराबाईंनी तोंडावर पदर घेतला. सून बाळंतपणाला माहेरी जाते, हे ठीक. सासू बघायला जाते, हेही ठीक. पण सुनेच्या बाळंतपणाला सासरा तिच्या माहेरी राहायला जातो, हे कोणाच्याच ऐकिवात नव्हतं.

“किती दिवसांसाठी जी?” मारोतरावांनी जपून विचारलं.

“होतवरी,” रुपराव म्हणाले. “आता शब्द दिला म्हणजे दिला.”

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली. गादीवर हिमानी, तिच्या पायाशी दोराने बांधलेला ड्रम, आणि ड्रमाला धरून रुपराव, कोसा धोतर नेसून, दांडा खांद्यावर. गाव दाराशी उभं राहून बघत होतं. मारोतराव ट्रॉलीच्या पुढे चालत होते. लेक घरी येत होती, आणि त्यांना आपण जिंकलो की हरलो हे नक्की ठरवता येत नव्हतं.

दाराशी प्रेमलताबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला. इवायांचे पाय धुतले. ड्रमाचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्यालाही हळदकुंकू लावलं. नंतर कोणी बोल लावायला नको.

हिमानीने उंबरठ्याच्या आत पाय टाकला. मागून चार गड्यांनी ड्रम आत आणला. रुपरावांनी झाकण काढलं आणि दांडा फिरवला. हिमानीने मोठा श्वास घेतला.

“ईऽऽ! आई, हे काय घाण वास येऊन राहिला वं?”

डोहाळे संपले होते. दोन घरांच्या मधे कुठेतरी, बहुतेक मारुतीच्या देवळापाशी ट्रॉली खड्ड्यात आपटली तिथे. असे अचानक संपतात ते. प्रेमलताबाईंना स्वतःला राखेचे डोहाळे असेच एका शिंकेने गेले होते.

“ड्रम बाहेर काढा,” हिमानी नाक दाबून म्हणाली. “आधी बाहेर काढा.”

सगळे रुपरावांकडे बघू लागले. रुपरावांच्या हातात दांडा होता. आता खरं तर त्यांना परत जाता आलं असतं. पण पाय धुतलेला इवाई त्याच दिवशी परत गेला तर गाव म्हणणार, रेवतकरांनी हाकलला. आणि मारोतरावांना ‘जा’ म्हणता आलं असतं, तर त्यांनी ‘या’ म्हटलंच नसतं. रुपराव तर शब्द देऊन बसले होते.

तोडगा प्रेमलताबाईंनी काढला. “ड्रम मळ्यात न्या.”

ड्रम मळ्यात गेला. ड्रम तिथे गेला म्हणजे ढवळायला रुपराव तिथे गेले. आणि इवाई मळ्यातल्या झोपडीत एकटे राहतात, यजमान घरी गादीवर झोपतो, हे काही शोभत नाही. म्हणून मारोतरावही गेले. अंगाला ड्रमाचा वास लागतो म्हणून दोघांनाही घरात यायची बंदी झाली. लेक माहेरी आली आणि बाप घराबाहेर गेला.

मारोतराव रोज सकाळी फाटकापर्यंत येत. हिमानी खिडकीत येई, नाकाला पदर लावून.

“बाबा, जेवले का?”

“जेवलो. तू?”

“जेवली. आणखी मागे सरका ना जरासे.”

ते मागे सरकायचे. सरकता सरकता रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापाशी जायचे, आणि पानठेलेवाला म्हणायचा, “काका, आणखी मागे सरका ना जरासे.”

मळ्यात दोन इवाई एकमेकांचा मान राखत राहू लागले. खाट एकच होती. मारोतराव ती रुपरावांना द्यायचे, रुपराव नको म्हणायचे, आणि शेवटी दोघेही जमिनीवर झोपायचे. खाटेवर कंदील ठेवायचे. मारोतरावांनी रोज ढवळणं बारकाईने पाहिलं. दांडा उजवीकडून फिरतो की डावीकडून, मधे थांबतो का, काही पुटपुटतात का. काही सापडलं नाही. एक दिवस रुपरावच दांडा थांबवून म्हणाले, “मारोतराव, एक सांगू? यात काय काय पडलं ते मलेच माहीत नाही. त्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. हाताले जे लागलं ते टाकलं. एक जुना सदराही होता बहुतेक.”

“हाव जी,” मारोतराव म्हणाले.

“तुम्ही हसत नाही?”

“इवायाले हसत नसते जी.”

रुपराव स्वतःच हसले. मग मारोतरावांनाही थोडं हसावं लागलं. मान म्हणून.

धुऱ्यावरच्या किड्यांना मात्र हे सोसवलं नाही. आजवर फवारणी येऊन जायची. आता अर्क आणि अर्क करणारे दोघंही शेजारी येऊन राहिले. एक दिवस धुरा सुना झाला. पुढे कुहीहून मारोतरावांच्या मावसभावाचा, केशवचा, फोन आला. त्यांच्याकडे धान. तो विचारत होता, “मारोती, तुमच्याकडचे संत्र्याचे पतंग इकडे काहून फिरून राहिले गा? धानावर बसतात, चोच मारतात, अन् एकमेकायकडे पाहतात. लय वाईट वाटते पाहून.”

होळी झाली आणि एका दुपारी विक्कीचा फोन आला. हिमानीला गाडीत घालून नागपूरला नेलं होतं, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. दोन्ही बायका सोबत होत्या. संध्याकाळी परत फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

मारोतराव विहिरीवर गेले. साबण लावला, शिकेकाई लावली, चिंचेने अंग घासलं, शेवटी भांड्यांची पावडर लावली. रुपराव त्यांच्या पाठीला नारळाच्या शेंडीने घासत होते. आळीपाळीने दोघांनी एकमेकांचा वास घेऊन पाहिला. दोघांनाही काही वास आला नाही. पण त्यांना आता कशाचाच वास येत नव्हता.

सकाळच्या एसटीत दोघांना बसायला जागा मिळाली. पुढच्याही सीटवर जागा झाली, मागच्याही. काटोलच्या स्टँडवर चढायला आलेली माणसं पायरीवरूनच परत उतरली आणि पुढची गाडी रिकामी येते असं एकमेकांना सांगू लागली. कंडक्टरने तिकीट दुरूनच दाखवलं आणि सीटवर ठेवून गेला.

दवाखान्याच्या दारात अस्मिता सिस्टर उभी होती. तिने हात आडवा धरला.

“काका, कुठे?”

“नातीले पाहायले.”

“हा वास कशाचा?”

“दशपर्णी अर्क जी. दहा पाल्यांचा.” मारोतरावांनी खुणेने रुपरावांकडे दाखवलं. “यांच्या अर्कात एक सदराही आहे.”

“तिथे लहान बाळं आहेत. असं नाही येता येणार. इथेच बसा.”

मारोतराव बाकावर बसले. इथवर येऊन फाटकापाशीच अडकलो, एवढं त्यांना कळलं. काच होती, काचेच्या पलीकडे जिना होता, आणि जिन्याच्या वर त्यांची लेक होती. माहेरी आणून तिला त्यांनी जवळून एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी हातातली डिंकलाडवाची पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. रुपरावांनी आपलं उपरणं त्यांच्या गुडघ्यावर टाकलं.

आता नागपूरचे डास कसे असतात ते नागपूरकरांना सांगायला नको. संध्याकाळ झाली की ते शिफ्ट बदलल्यासारखे कामावर येतात. त्या दिवशी खालच्या मजल्यावर एकही आला नाही. सिस्टरने आधी पंखा बघितला, मग खिडक्या बघितल्या, मग बाकावरच्या दोघांकडे बघितलं. वरच्या मजल्यावरून मोठ्या मॅडमचा आवाज आला, की इथे बाळं फोडून काढताहेत डास, अगरबत्ती लावायची नाही, काहीतरी करा.

सिस्टर बाकापाशी आली. तिने ओढणी नाकावरून काढली, मन घट्ट केलं, आधी रुपरावांचा वास घेतला, मग मारोतरावांचा. मग परत रुपरावांचा. कपाळाला आठ्या पाडून तिने मारोतरावांकडे बोट केलं आणि निकाल दिला, “यांचा जास्त आहे. हे काका वर चला. तुम्ही काका इथेच दारात बसा, खालचे सांभाळा.”

रुपरावांनी तोंड उघडलं, पण दवाखान्याचा निकाल होता. ते दारातल्या खुर्चीवर बसले आणि आपली जबाबदारी समजून चारही बाजूंना बघू लागले.

वर, खोलीच्या एका कोपऱ्यात, खिडकीपाशी सिस्टरने मारोतरावांना खुर्ची दिली. प्रेमलताबाई आणि ताराबाई नाकाला पदर लावून लगबगीने बाहेर गेल्या. पलंगावर हिमानी होती, आणि तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लहान आणि लाल.

“बाबा,” हिमानी नाक धरून म्हणाली, “तिथूनच पाहा.”

“तिथूनच पाहतो,” मारोतराव म्हणाले. “मी कुठं जवळ येऊन राहिलो. दिसते मले.”

दिसत काही नव्हतं. मधे पलंगाचा कठडा होता. फक्त एक मूठ दिसत होती, कोवळ्या संत्र्याएवढी, आणि ती उघडझाक करत होती. मारोतराव त्या मुठीकडे बघत बसले. 

मग पलंगाच्या त्या बाजूला, जिथवर मारोतरावांचा वास पोचत नव्हता, एक डास गुणगुणला. हिमानीने हात हलवला. तो उडाला आणि परत आला. तिने नाकावरचा हात काढला आणि बाळाच्या तोंडावर धरला.

“बाबा,” ती म्हणाली, “थोडे इकडे सरका ना. हिले मच्छर लागून राहिले.”

मारोतरावांनी खुर्ची उचलली आणि पलंगाला लावून ठेवली.